मान टाकणारी बंदूक

१

"ही माझी बंदूक नाही."

नेमबाजी क्लबच्या काउंटरवर, भर दुपारी, चारचौघांदेखत मावशी एवढंच बोलली आणि बंदूक खाली ठेवून मागे सरली. जणू कुणी तिच्या हातात परक्याचं मूल दिलं होतं.

मी तिथे नव्हते. मी घरी ढबूच्या, म्हणजे माझ्या पाच महिन्यांच्या लेकीच्या, मानेच्या वळ्यांत साचलेलं दूध पुसत होते. पण तो प्रसंग मला संध्याकाळपर्यंत इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितला, की आता मीच काउंटरवर कोपर टेकून उभी होते असं वाटतं.

झालं होतं ते एवढंच. मावशीची जुनी दुनळी बंदूक मिस्त्रींकडे साफसफाईला गेली होती. मिस्त्रींनी ती वार्षिक तपासणीसाठी परस्पर क्लबात आणून दिली. सेक्रेटरींनी आत नेऊन तपासली, बाहेर आणून मावशीच्या हाती दिली. मावशीने ती खांद्याला लावली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "ही मान टाकते. माझी मान टाकत नाही."

मग सगळ्यांनी पाहिलं. नंबर तोच. बोर, म्हणजे नळीचं माप, तोच, बारा. फ्रेमवर दोन्ही बाजूंना कोरलेली उडती बदकंही तीच. सेक्रेटरींनी सर्वांसमोर काट्यावर ठेवली, तर खटक्याच्या कडीला लटकणाऱ्या पितळी बिल्ल्यावर जेवढं वजन ठोकलेलं, तेवढंच भरलं. तीन किलो पन्नास. ना एक ग्रॅम इकडे, ना तिकडे.

"बंदूक तीच आहे," दादा मला फोनवर म्हणाला. दादा म्हणजे मावशीचा मुलगा. "आईच ती राहिली नाही."

"असं काय बोलतोस रे?"

"मग कसं बोलू? गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून झोपली. परवा चहात मीठ. आता लोकांसमोर चोरीचा आळ. रविवारी मी तिला घेऊन जातोय. जागा बघून ठेवलीय. बाग आहे, नर्स आहे, सगळं आहे. घराची किल्ली काढून घेतलीय मी तिच्याकडून."

"तिला विचारलंस?"

"तुला सोपं आहे गं विचारायला," तो म्हणाला. "तू तिची भाची आहेस."

फोन ठेवते न ठेवते तोच परत वाजला. या वेळी मावशी होती, आणि ती कुजबुजत होती. स्वतःच्या घरात, एकटी असताना.

"तू त्या विमा कंपनीत खोटे दावे पकडतेस ना? मग ये आणि माझा पकड. खोटा निघाला तर मी गुमान बॅग भरीन."

२

मी बाळंतपणाच्या रजेवर होते. रजेवरच्या बाईची बुद्धीही रजेवर असते असं सगळ्यांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं. बाळाची पिशवी भरताना मी दोनदा परत आले. एकदा टोपीसाठी, एकदा बाळासाठीच.

मावशीचं स्वयंपाकघर नेहमीसारखं लखलखीत होतं. गॅसच्या बटणापाशी तिने लाल चिंधी बांधली होती.

"ही कशाला?"

"दादासाहेबांना दिसावं म्हणून. बघ बाबा, आठवण ठेवते मी." तिने ढबूला माझ्याकडून ओढून घेतलं. "आण इकडे हे बोचकं. अगंबाई, मान धरायला लागली की!"

"थोडी थोडी. झोप आली की टाकते."

"तेच तर सांगतेय मी सगळ्यांना," मावशी उसळली. "खांद्याला लावली की त्या बंदुकीचं तोंड खाली जातं. माझी अशी उभी राहायची, शहाण्या पोरासारखी. पण म्हातारीचे हात थकले म्हणतात! हे बघ." तिने एका हाताने पाण्याने भरलेली कळशी उचलून ओट्यावर ठेवली. दुसऱ्या हातात ढबू होती. माझा जीव वर गेला.

"मावशी, पोर माझी आहे. खाली बस आधी. नीट, पहिल्यापासून सांग."

तिने सांगितलं. तिचं लग्न झालं तेव्हा काकांनी एकाच कारखान्याच्या दोन बंदुका घेतल्या होत्या. एक स्वतःला, एक तिला. सारखी बदकं, सारखं लाकूड, नंबरसुद्धा सारखा. शेवटचा आकडा तेवढा वेगळा. त्यांचा तीन, तिचा आठ. काका गेल्यावर त्यांची बंदूक तिने क्लबला देऊन टाकली, नवशिक्यांना शिकायला.

"दोन्ही एकसारख्याच?"

"दिसायला. त्यांची उचलली की माझ्या मनगटाला कळ लागायची."

"का?"

"ते मला काय माहीत? मी नेम धरते, बंदुका बनवत नाही."

हे उत्तर ऐकून मला कपाळावर हात मारावासा वाटला. त्याच वेळी ढबूने रडं काढलं. मावशीने इकडेतिकडे पाहिलं, ड्रॉवर उघडला आणि हाताला आलेली पहिली वस्तू तिच्या मुठीत दिली. चामड्याची एक आखूड बाही होती, आत पोलादी पट्टी, वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेली. नेम धरताना डावा हात तापलेल्या नळ्यांवर भाजू नये म्हणून ती नळ्यांवर सरकवतात. ढबूने लगेच तिचा कोपरा तोंडात घातला आणि गप्प झाली.

"अगं, घाण असेल ती!"

"परवाच साबणाने पुसलीय. चावू दे. माझ्या बंदुकीच्या मापाची करून घेतली होती," मावशी म्हणाली. "आता बंदूकच नाही, तर बाही कुणाला घालू?"

दारात दादा उभा होता. कधी आला कळलंच नाही. त्याने लाल चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूसुद्धा तिच्या नादी लागलीस?" तो हळू म्हणाला. "रविवारी तिला अर्ध्यावर सोडून तू आपल्या घरी जाशील. रडणार ती माझ्यासमोर."

३

मिस्त्रींचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, तेलाच्या वासाने भरलेली. मिस्त्रींनी मला पाहिलं, मांडीवरच्या ढबूला पाहिलं आणि परत कानस चालवायला लागले.

"मी बोलणार नाही," ते म्हणाले. "बायका-पोरांना पुढे करून माझ्याकडून कबुली घ्यायचीय का क्लबाला?"

"मी क्लबाची नाही. मी बाईसाहेबांची भाची."

"मग आणखीनच बोलणार नाही. बाईसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, मिस्त्री, माझी बंदूक कुठाय? बापाच्या वेळेपासून त्यांची बंदूक आमच्याकडे येते. असं विचारतात?"

"त्या क्लबातल्या सगळ्यांना विचारत होत्या. तुम्ही समोर होता."

"समोर होतो हाच माझा गुन्हा." त्यांनी कानस खाली आपटली. ढबू दचकली आणि तिने भोकाड पसरलं. मिस्त्री गडबडले. त्यांनी हात पुसले आणि एक जुनी नळी डोळ्याला लावून तिच्यातून ढबूकडे पाहिलं. ढबू रडायची थांबली. त्यांनी परत पाहिलं. ती हसली. त्यानंतर ते बोलायला लागले.

"बंदूक बोरावरून ओळखतात ते अडाणी. बारा बोर, बारा बोर करतात. अहो, त्या कारखान्यात बारा बोरसुद्धा लहान फ्रेमवर करायचे आणि मोठ्या फ्रेमवरही. फ्रेम म्हणजे हा मधला पोलादी सांगाडा. मागे दस्ता, पुढे नळ्या. फ्रेम मोठी, तर नळ्याही बुडाशी जाड. सगळंच थोराड."

"पण बाहेरून सारखं दिसतं?"

"शेजारी शेजारी ठेवलं तरच फरक कळतो. किंवा बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, समोर बघायचं. या दोन पिना बाहेर येतात ना, काडतुसाला टोचायला, त्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. लहान फ्रेमवर भोकं जवळ, मोठ्या फ्रेमवर लांब. बाईसाहेबांची लहान फ्रेमवरची बारा बोर. दुर्मिळ वस्तू! शौकीन लोक तिच्यासाठी वेडे होतात."

"आणि काकांची?"

"मोठ्या फ्रेमवर. तीही बारा बोर."

"म्हणजे मावशीची म्हणून काकांचीच बंदूक दिली असली तर..."

"तर ती काट्यावर जास्त भरली असती," मिस्त्रींनी माझं वाक्य तिथेच कापलं. "पाव किलोच्या जवळपास. ती तर बिल्ल्याएवढीच भरली. मीही तोच विचार केला होता, ताई. तुमच्या आधी."

"तुम्ही कधी वजन केलं होतं बाईसाहेबांच्या बंदुकीचं?"

"तराजू? किराणा विकतो का मी? हातात घेतली की समजते मला. मी नेऊन दिली ती त्यांचीच होती, कापडी पिशवीत घालून, नुसती बंदूक. आत्ता क्लबात आहे तिला मला हात लावू देत नाहीत. चोराच्या हाती परत किल्ली कशी देणार, म्हणाले."

"काकांची बंदूक आता कुठे आहे?"

"नळी तडकली म्हणे, भंगारात गेली. म्हणे!" मिस्त्रींनी नळी खाली ठेवली. "या गावात बंदुकीची नळी तडकली आणि ती मला दाखवली नाही, असं आजवर झालेलं नाही."

४

सेक्रेटरींनी माझं इतकं चांगलं स्वागत केलं, की माझा अर्धा राग दारातच गळून गेला. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, ढबूला "अरे वा, आमच्या नव्या सभासद!" म्हणाले. माणूस नीटनेटका होता. टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या.

"मला बंदूक बघायचीय."

"बघा ना." त्यांनी काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. बंदूक आत उभी होती. कपाटाला कुलूप.

"हातात घेऊन."

"ते मात्र नाही जमणार, मॅडम. बाईंनी ताबा घेतला नाही, म्हणजे जबाबदारी माझी. तुमच्याकडे परवाना आहे?"

"नाही."

"आणि कडेवर बाळ आहे." ते हसले. "तुम्ही समंजस आहात."

समंजस! हा शब्द मी गेल्या काही दिवसांत इतक्यांदा ऐकला होता, की तो ऐकला की दात शिवशिवायचे. दादा म्हणायचा, तू समंजस आहेस. नवरा म्हणायचा, तू समंजस आहेस, हे प्रकरण सोड.

"निदान वजन तरी परत करून दाखवाल?"

त्यांचे डोळे चमकले. कपाट उघडून त्यांनी बंदूक अलगद काट्यावर आडवी ठेवली. तीन किलो पन्नास.

"काटा कुणाची मावशी ओळखत नाही, मॅडम," ते प्रेमाने म्हणाले. "आमची पद्धतच आहे. बिल्ला पहिल्यांदा बनतो तेव्हाच वजन ठोकलं जातं. मग दर वर्षी सभासदाची बंदूक जशी समोर येते तशी काट्यावर. उगाच खोलाखोल नाही, कुणाच्या वस्तूला हात नाही. बाईंची दर वर्षी एवढीच भरते."

"त्यांच्या यजमानांची बंदूक तुमच्याकडे होती ना?"

"होती. वाईट झालं. नळी गेली तिची. भंगारात द्यावी लागली."

"मिस्त्रींना दाखवली नाहीत?"

"मिस्त्री!" त्यांनी फक्त भुवया उचलल्या. पुढचं माझ्यावर सोपवलं.

मला पुढे काय विचारायचं ते ठाऊक होतं, अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात ढबूने अशी काही शी केली की सेक्रेटरींनी पंखा दुसरीकडे वळवला. मी पिशवी उचलून प्रसाधनगृहाकडे पळाले. परत आले तेव्हा कपाटाला कुलूप होतं, ऑफिसला कुलूप होतं आणि प्रश्न माझ्या जिभेवरून निघून गेला होता.

बाहेर पायरीवर बसून मी चक्क रडले. वजन जुळत होतं. मावशी सोडून सगळं जुळत होतं. आणि रविवार परवावर आला होता.

५

दुसऱ्या दिवशी ढबूला दवाखान्यात न्यायचं होतं, वजन करायला. रस्त्यात ती माझ्या खांद्यावर झोपली. झोपली तशी दुपटीने जड झाली. निघताना हीच मुलगी होती, हेच कपडे, तेवढंच दूध पोटात. जागी असताना ती मला धरून होती, मान वर, जीव वर. झोपली तसं डोकं पुढे कलंडलं आणि माझा हात खांद्यापासून दुखायला लागला.

मी रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून येणारा सायकलवाला काहीतरी बोलून गेला.

वजन तेवढंच, भार बदलला. सगळं जडपण पुढे गेलं की हातातली वस्तू मान टाकते. मोठ्या फ्रेमची, जाड नळ्यांची बंदूक घ्यायची, आणि तिच्या मागच्या दस्त्यातलं लाकूड आतून कोरून काढायचं. काट्यावर हलकी होईल, हातात मात्र तोंडाकडे झुकेल. मावशी बरोबर बोलत होती! पहिल्यापासून शब्द न् शब्द बरोबर.

पण हे दाखवणार कसं? दस्ता उघडायचा तर बंदूक हातात हवी, आणि माझ्या कडेवर बाळ आहे, मी समंजस आहे.

दवाखान्यात ढबूला ताटलीवर ठेवलं. नर्सबाईंनी काटा पाहिला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू शाळेत जाऊन उभी राहिले.

"दुपट्यासकट ठेवलंत?"

"झोपलीय हो. उठेल."

"उठू दे. मागच्या वेळी काढून मोजली होती ना? या वेळी दुपट्यासकट मोजली तर ती वाढली की दुपटं वाढलं, मला कसं कळणार?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"अहो, काढताय ना?"

मी दुपटं काढलं. ढबू उठली आणि तिने दवाखाना डोक्यावर घेतला. मी तशीच, एका हाताने तिला छातीशी धरून, दुसऱ्या हाताने मावशीला फोन लावला.

"मावशी! दर वर्षी क्लबात तपासणीला बंदूक न्यायचीस, तेव्हा त्यावर ती चामडी बाही असायची?"

"काय? ती का रडतेय?"

"बाही, मावशी, बाही!"

"असायची म्हणजे? असायचीच. पहिल्या दिवसापासून. बाहीशिवाय मी कधी उचललीय का तिला?"

"आणि बिल्ला बनला तेव्हा?"

"तेव्हाही होती. काकांनी लग्नातच दिली होती बाही, बंदुकीबरोबर."

"मग या वर्षी?"

"या वर्षी मिस्त्रींकडे पाठवताना काढून ठेवली. तेलाने खराब होते."

"ती कुठे आहे आता?"

"मला काय विचारतेस?" मावशी वैतागून म्हणाली. "परवा तुझ्या पोरीच्या तोंडात होती. मी ड्रॉवर बघितला तर नाही. दादा म्हणाला, आता तेही विसरलीस ना, कुठे ठेवलीस ते?"

मी पिशवी दवाखान्याच्या बाकावर पालथी केली. टोपी, बाटली, मोजे, एक मोजा, पुसायची फडकी. आणि तळाशी, लाळेने वाळलेल्या कोपऱ्याची, ती बाही.

६

रविवारी दादा मावशीची बॅग गाडीत ठेवूनच क्लबात आला. "दहा मिनिटं," तो मला म्हणाला. "फक्त तू म्हणतेस म्हणून. नंतर तिच्यासमोर हा विषय कुणी काढायचा नाही." मावशी इस्त्रीची साडी नेसून ताठ बसली होती. मिस्त्री दारापाशी उभे होते. त्यांना आत घेतल्याबद्दल सेक्रेटरी नाराज होते, पण इतर सभासद जमले होते आणि सेक्रेटरींना प्रेक्षक आवडायचे.

"पुन्हा एकदा वजन कराल?" मी म्हटलं.

"शंभर वेळा." तीन किलो पन्नास. सेक्रेटरींनी हात पसरले. "झालं समाधान?"

"झालं. आता हिचं करा." मी बाही त्यांच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"मावशीच्या बंदुकीची बाही."

काट्यावर बाही सत्तर ग्रॅम भरली. त्यातले एखाददोन ढबूचे असतील.

"बिल्ला बनला तेव्हा ही बाही बंदुकीवर होती," मी म्हणाले. "नंतर दर वर्षीही होती. जशी समोर येते तशी काट्यावर, ही तुमचीच पद्धत. म्हणजे बिल्ल्यावरचं वजन बाहीसकट आहे. या वर्षी मिस्त्रींनी बंदूक नुसतीच आणली. मावशीची बंदूक असती तर सत्तर ग्रॅम कमी भरायला हवी होती. बरोबर भरली, म्हणूनच ती मावशीची नाही."

दादाने पहिल्यांदा मान वर केली.

"वजन एवढं चोख कुणी जुळवलं असेल?" मी विचारलं. "मिस्त्रींनी? बंदूक कित्येक दिवस त्यांच्या हातात नुसती होती. खऱ्या बंदुकीसारखी दुसरी करायची तर त्यांनी बाहीशिवायच्या वजनाचीच केली असती. आणि त्यांच्याकडे तराजूच नाही. दादाने? तिच्याच घरात वाढला, बाही हातात घेऊन खेळला. ज्याने ही केली त्याने तोवर खरी बंदूक बाहीशिवाय कधी पाहिलीच नव्हती. अदलाबदल करायला त्याच्याकडे तपासणीपुरताच वेळ होता, म्हणून ही आधीच तयार करून ठेवली, बिल्ल्यावरचा आकडा प्रमाण मानून. त्याच्याकडे काटा होता. आणि काकांची बंदूकही त्याच्याच ताब्यात होती."

"मॅडम, तुम्ही थकलेल्या आहात," सेक्रेटरी म्हणाले. पण त्यांनी पंखा कुणाकडे वळवला नाही. "कुणाच्या लक्षात राहतं, कधी बाही होती, कधी नव्हती?"

"मग घालून बघू," मावशी उठली.

तिने बाही नळ्यांच्या तोंडातून घातली आणि मागे सरकवली. बाही सरकत आली आणि अर्ध्यावर, जिथे नळ्या जाड होत होत्या तिथे, अडली. मावशीने जोर केला नाही. हात सोडला आणि सगळ्यांना बघू दिलं.

"सांगितलं ना, थोराड आहे ही," ती म्हणाली. "माझी नाही."

मिस्त्रींनी कुणाची परवानगी मागितली नाही. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, दस्त्याच्या टोकाची पट्टी खोलली आणि दस्ता उजेडाकडे धरला. आत पोखरलेली भोकं होती, एकाशेजारी एक, उंदराने कुरतडल्यासारखी. लाकूड आतून ताजं, पिवळं. मग त्यांनी भिंग लावून नंबर पाहिला आणि तोंडातून फक्त "च्यक्" असा आवाज काढला.

"तीनचा आठ केलाय. केलाय तोही वाकडा. मला सांगितलं असतं, तर निदान सरळ केला असता."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"खरी कुठे आहे?" मी विचारलं.

सेक्रेटरी पेन्सिली नीट लावत होते. त्या नीटच होत्या. मात्र एकदा, अगदी एकदाच, त्यांची नजर आतल्या सामानाच्या खोलीकडे गेली. दादाने ते पाहिलं.

"ती खोली फक्त सभासदांसाठी आहे," सेक्रेटरी उठत म्हणाले.

"मी सभासद नाही," दादा म्हणाला आणि त्यांना बाजूला सारून आत गेला.

आतून कागदी निशाण्यांचे गठ्ठे कोसळल्याचा आवाज आला. दादा बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत धूळ होती आणि हातांत गोणपाटात गुंडाळलेली एक लांबट वस्तू. भंगारात गेलेल्या बंदुकीची चिठ्ठी अजून तिला बांधलेली होती. त्याने ती आईच्या पुढे धरली, लहानपणी धरायचा तशी, दोन्ही हातांनी.

मावशीने गोणपाट सोडलं. बाही घातली. ती एका दमात सरकत जाऊन आपल्या जागी बसली. मावशीने बंदूक मोडून रिकामी आहे का पाहिलं, मिटली, खांद्याला लावली आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर नेम धरला. नळ्या हलल्या नाहीत. तिचे हातही.

सेक्रेटरींचं काय झालं ते पुढे पोलिसांनी पाहिलं. ती दुर्मिळ बंदूक एका शौकिनाला विकायला दाखवायची तारीखही ठरली होती म्हणतात. मला त्यात फारसा रस नव्हता. मी दादाकडे बघत होते.

तो गाडीजवळ उभा होता, बॅगेवर हात ठेवून. मावशी त्याच्यापुढे जाऊन थांबली. तिने बंदूक एका हाताने खांद्यावर टाकली आणि दुसरा हात पसरला.

"आई, गॅसचं तरी..."

"गॅस मी विसरले होते," मावशी म्हणाली. "ते खरं आहे. त्याला चिंधी बांधलीय. मीठही खरं. पण बंदूक मी विसरले नव्हते. जेवढं विसरले तेवढंच मोज. त्यात बाकीचं घालू नकोस."

दादाने खिशातून जुडगा काढला. घराची किल्ली कडीतून निघता निघेना. त्याने नखाने ओढली, दाताने ओढली. शेवटी मिस्त्रींनी पुढे होऊन स्क्रूड्रायव्हरने कडी उचकटून दिली. किल्ली मावशीच्या तळहातावर पडली.

"दर रविवारी येईन," दादा म्हणाला. "गॅस बघायला."

"ये. चहा तूच कर. साखर ओळखता येते ना?"

त्याला हसू आलं आणि त्याने तोंड फिरवलं. मावशीने बंदूक त्याच्या हातात दिली आणि माझ्या खांद्यावरून झोपलेली ढबू उचलून घेतली. ढबूचं डोकं तिच्या गळ्यापाशी कलंडलं.

"बाई गं, केवढी जड झालीय! काय भरली काल?"

"दुपट्यासकट सांगू," मी म्हटलं, "की दुपट्याशिवाय?"